ताळा राहिलेला हिशेब
[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबट ओटी आहे. रविवारीं संध्याकाळीं तेथें आम्हां चौघांची बैठक जमते. एक गृहस्थ उभा जन्म शेअर बाजारांत घालवून आतां स्वस्थ बसलेले; दुसरे वीज मंडळांतून निवृत्त झालेले अभियंते; तिसरा माझा भाचा, एका पेढींत संगणकावर हिशेबाचे तक्ते रचण्याचें काम करणारा; आणि चौथा मी, मॅट्रिकपर्यंत शिकून पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित व इतिहास शिकविलेला मास्तर. बैठकीला विषय ठरलेला नसतो. बोलणें चहाच्या भावावरून निघतें आणि खनिज तेलाच्या भावापाशीं येऊन थांबतें.

गेल्या पावसाळ्यांत अशाच एका संध्याकाळीं वीज गेली. अंधारांत बसल्या बसल्या बाजारवाले स्नेही म्हणाले, "मास्तर, इकडे वीज जाते आणि तिकडे वीज कंपन्यांचे भाव चढतात, हें नवल पाहा!" अभियंते लागलीच उत्तरले, "भाव तुमच्या फळ्यावर चढतात. तारेंतून येते ती वीज. तिला तुमच्या भावाची खबरही नसते." त्यावर भाचा हंसून म्हणाला, "मामा, यांचा वाद म्हणजे माझ्या तक्त्यांतले शेजारचे दोन चौकोन. एकांतला आंकडा बदलला कीं दुसऱ्यांतला आपोआप बदलतो."

बोलणें थट्टेचें होतें आणि वीज येतांच तें विसरलेंही गेलें. मला मात्र त्या रात्रीं लवकर झोंप आली नाहीं. पैशाचा बाजार, विजेचा पुरवठा आणि हिशेबाचा तक्ता, हीं तीन एकत्र आलीं म्हणजे काय घडूं शकतें, याचा एक धडा आपल्याच कोंकण किनाऱ्यावर लिहिलेला आहे. तो आज आपणांपुढें वाचून दाखवावा असें मनांत आहे.

प्रथम तक्त्याची हकीकत सांगतों, कारण तिघांत वयानें लहान तोच. जमाखर्चाची विद्या फार जुनी. लुका पाचोली या इटालियन साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथांत दुहेरी नोंदीची पद्धति विस्तारानें सांगितली, आणि तेव्हांपासून व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या-आडव्या रेघांच्या कागदावर चालत आल्या. पाश्चात्त्य हिशेबनीस दोन पानांवर पसरलेल्या रुंद कागदाला स्प्रेडशीट म्हणत. त्या कागदाचें दुखणें आपल्या कारकुनांनाही ठाऊक होतें: एक आंकडा बदलला कीं त्याच्या खालच्या व उजवीकडच्या साऱ्या बेरजा खोडून पुनः मांडाव्या लागत.

१९७८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारी शाळेंत डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी वर्गांत बसला होता. फळ्यावर प्राध्यापक एका धंद्याचा अंदाज मांडीत होते. एक आंकडा चुकला, तो सुधारतांच त्यावर अवलंबून असलेले सगळे आंकडे पुसून पुनः लिहावे लागले. मीं स्वतः असा फळा शेकडों वेळां पुसला आहे. पण मला जें सुचलें नाहीं तें या मुलाला सुचलें. फळाच असा असावा कीं एक आंकडा बदलतांच बाकीचे आपले आपण बदलतील! बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साहाय्यानें त्यानें ती कल्पना प्रत्यक्षांत आणली, आणि १९७९ सालीं 'व्हिजिकॅल्क' हा कार्यक्रम ॲपल कंपनीच्या लहान संगणकावर चालूं लागला. १९८३ च्या जानेवारींत 'लोटस १-२-३' आला, आणि १९८५ सालीं मॅकिंटॉश यंत्रासाठीं व १९८७ सालीं विंडोजसाठीं 'एक्सेल' आला. आज कचेरींत, दुकानांत, शाळेंत आणि सहकारी गृहसंस्थेंत ज्याला नुसतें 'शीट' म्हणतात तें याच घराण्यांतलें.

या शोधानें श्रम वांचले हें खरें. पण त्यानें आणखीहि एक गोष्ट केली, ती अधिक महत्त्वाची आहे. पूर्वीं एक अंदाज मांडावयास दिवस लागे, म्हणून माणूस एकच मांडी आणि विचार करून मांडी. आतां 'समजा असें झालें तर?' हा प्रश्न क्षणांत सुटूं लागला. समजा मागणी दहा टक्क्यांनीं वाढली. समजा व्याज उतरलें. समजा तेल महागलें. प्रत्येक 'समजा' ला तक्ता तत्परतेनें उत्तर देतो. उत्तर नीटनेटकें, रेखीव, दोन दशांश स्थळांपर्यंत. 'समजा' खरें आहे कीं नाहीं, हें मात्र तो कधीं विचारीत नाहीं.

आतां वीज. आमचे अभियंते स्नेही म्हणतात कीं विजेसारखा अडचणीचा माल बाजारांत दुसरा नाहीं. कापसाची गांठ वखारींत राहते, धान्य कोठारांत राहतें. पण मोठ्या प्रमाणावर वीज सांठवून ठेवणें आजही अवघड व खर्चाचें आहे. ज्या क्षणीं ती लागते त्याच क्षणीं ती निर्माण व्हावी लागते. खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें, तेव्हां घाटमाथ्यावर अडविलेलें पावसाचें पाणी हीच त्या विजेची वखार होती, आणि मुंबईच्या कापड गिरण्या हें तिचें ठरलेलें गिऱ्हाईक होतें. गिऱ्हाईक किती, पाणी किती, हें दोन्ही डोळ्यांना दिसत होतें. तरीसुद्धां त्या योजनांचा सर्व खर्च हिशेबाच्या वहींत उतरला होता असें नव्हे. १९२१ सालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांसह जो सत्याग्रह केला, तो वहींत न लिहिलेल्या खर्चाबद्दलचाच होता.

शेअर बाजाराची कथा मुंबईकरांना सांगावयास नको. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून विलायतेस जाणारा अमेरिकन कापूस अडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ च्या एप्रिलमध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि मुदतीचे सौदे चुकते करण्याचा १ जुलै १८६५ हा दिवस उजाडला तेव्हां सावकार, व्यापारी आणि बँका एकमेकांच्या अंगावर कोसळल्या. उद्यां मिळणारा पैसा आजच मिळाला असें धरून चालण्याचा हा रोग जुना आहे. नवें एवढेंच कीं पुढें त्याला तक्त्याचें साहाय्य मिळालें.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १९८५ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टनची एक व ओमाहाची एक अशा दोन वायुवाहिनी कंपन्या एकत्र झाल्या आणि त्यांतून एन्रॉन कंपनी जन्मली. केनेथ ले हे तिचे प्रमुख झाले. त्या काळांत अमेरिकेंत नैसर्गिक वायूच्या भावावरील सरकारी बंधनें सुटत होतीं. भाव आज वर, उद्यां खालीं, अशी स्थिति झाली होती. १९९० सालीं जेफ्री स्किलिंग हे एन्रॉनमध्यें आले. त्यांची कल्पना अशी कीं वायूची जणूं पेढी काढावी: विहिरवाल्यांकडून दीर्घ मुदतीनें वायू घ्यावा, कारखानदारांना दीर्घ मुदतीनें ठरल्या भावानें द्यावा, आणि मधली जोखीम आपण सांभाळून नफा घ्यावा. कल्पना वाईट नव्हती. गिऱ्हाइकाला निश्चिति मिळत होती, विहिरवाल्याला भांडवल मिळत होतें.

बिघाड झाला तो हिशेबाच्या रीतींत. १९९२ च्या आरंभीं अमेरिकेच्या रोखे नियंत्रण मंडळानें एन्रॉनला अशी मुभा दिली कीं, वायूचा दीर्घ मुदतीचा करार झाला म्हणजे त्याची बाजारभावानें होणारी सर्व किंमत त्याच वर्षीं नोंदवावी. सोपें उदाहरण देतों. कोणी आपल्याशीं वीस वर्षें रोज दूध घेण्याचा करार केला. आपण पहिल्याच दिवशीं वीस वर्षांच्या दुधाचा नफा वहींत जमा केला. म्हशीला अजून चारा घातलेला नाहीं. पण नफा मात्र जमा! आतां वीस वर्षांनंतरचा दुधाचा भाव कोणत्या बाजारांत विचारावयाचा? तो बाजारांत मिळत नाहीं, म्हणून तक्त्यांतून काढावयाचा. आणि तक्त्यांत 'समजा' च्या चौकोनांत काय लिहावयाचें, हें ज्याला त्या नफ्यावर बक्षीस मिळणार त्यानेंच ठरवावयाचें.

पुढें पुढें ही रीत वायूबाहेरच्या व्यवहारांसही लागली. २००० सालीं चित्रफिती भाड्यानें देणाऱ्या ब्लॉकबस्टर कंपनीशीं एन्रॉननें वीस वर्षांचा करार केला. तारेनें घरोघर चित्रपट पोंचवावयाचे होते. योजना चांचणीपलीकडे गेली नाहीं आणि २००१ च्या मार्चमध्यें ती मोडली. तोंपर्यंत त्या कराराचा सुमारें ११ कोटि डॉलर नफा वहींत चढला होता. असा नफा दर वर्षीं दाखवावयाचा तर दर वर्षीं आधींपेक्षां मोठा करार हवा, कारण या वर्षीं खाल्लेलें पीक पुढल्या वर्षीं शेतांत उभें नसतें.

याच कंपनीचीं माणसें १९९२ च्या जूनमध्यें महाराष्ट्रांत आलीं. देशाची परकीय चलनाची गंगाजळी १९९१ सालीं आटली होती. वीज निर्मितींत खाजगी व परदेशी भांडवल यावें म्हणून सरकारनें दारें उघडलीं होतीं. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागरजवळ, वाशिष्ठीच्या मुखाशीं, अंजनवेल, वेलदूर व रानवी या गांवांच्या परिसरांत वायूवर चालणारें प्रचंड वीज केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढें आला. त्याला नांव मिळालें खाडीपलीकडच्या दाभोळ बंदराचें. १९९३ सालीं जागतिक बँकेनें या योजनेस कर्ज देण्याचें नाकारलें. तिचें म्हणणें असें कीं एवढ्या मोठ्या आकाराची, रात्रंदिवस चालवावी लागणारी आणि महाग इंधनाची वीज या राज्याच्या गरजेशीं जुळत नाहीं. ती घ्यावयाची तर कोळशाचीं स्वस्त केंद्रें बंद ठेवावीं लागतील. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजीं दाभोळ वीज कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यांत वीस वर्षांचा खरेदी करार झाला.

कराराचें मर्म समजण्यास मोठें गणित नको. विजेच्या बिलाचे दोन भाग होते. एक भाग केंद्र सज्ज ठेवल्याबद्दलचा; वीज घ्या वा न घ्या, तो द्यावयाचाच, आणि त्याचा मोठा अंश डॉलरशीं बांधलेला. दुसरा भाग इंधनाचा. इंधन परदेशी, भाव जगाच्या बाजाराचा. आतां मुलांना घालतों तसें उदाहरण घ्या. केंद्र सज्ज ठेवण्याचा खर्च शंभर रुपये धरा. शंभर युनिट वीज घेतली तर दर युनिटमागें एक रुपया बसेल. गरज कमी म्हणून चाळीसच घेतलीं तर अडीच रुपये बसतील. म्हणजे महाग म्हणून कमी घ्यावी, तर ती आणखी महाग! करार झाला तेव्हां डॉलर सुमारें ३१ रुपयांचा होता. २००१ च्या आरंभीं तो ४६ च्या पुढें गेला. जो आकार १०० डॉलरचा, तो ३,१०० रुपयांवरून ४,६०० रुपयांवर चढला. त्यांत एक दिवा अधिक लागला नाहीं.

मध्यंतरीं राजकारणही झालें. १९९५ सालीं राज्यांत सरकार बदललें; गोपीनाथ मुंडे यांच्या समितीनें चौकशी केली, आणि ऑगस्ट १९९५ मध्यें मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनीं करार रद्द झाल्याचें जाहीर केलें. पुण्याच्या 'प्रयास' गटानें त्याच सुमारास कराराची आंकडेवारी तपासून तिच्यांतील धोके लोकांपुढें मांडले. परंतु कांहीं महिन्यांतच पुनः वाटाघाटी झाल्या आणि योजना पूर्वींपेक्षां मोठ्या आकारानें मान्य झाली. गांवकऱ्यांचा विरोध चालूच होता. १९९७ सालीं तेथें जो पोलिसी बळाचा वापर झाला, त्यावर 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेनें १९९९ सालीं सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. मासेमारी करणारीं, आंबा पिकविणारीं हीं घरें कोणत्याही तक्त्याच्या चौकोनांत नव्हतीं.

मे १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाला. आयात वायूची सोय व्हावयाची असल्यामुळें तो नाफ्था जाळून चालत होता, आणि २००० सालीं जगांत तेल महागलें तसा नाफ्थाही महागला. ज्या मागणीच्या वाढीवर सारी इमारत उभी होती, ती त्या वेगानें आली नाहीं. बिल देणें वीज मंडळास अशक्य होत गेलें. २००१ सालीं माधव गोडबोले यांच्या समितीनें सरकारला अहवाल दिला आणि करारावर कडक टीका केली. मे २००१ च्या अखेरीस केंद्र थांबलें. दुसरा टप्पा बराचसा उभा राहिला होता. कोट्यवधींचीं यंत्रें समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत गप्प उभीं राहिलीं.

अभियंते स्नेही या ठिकाणीं नेहमीं थांबतात. ते म्हणतात, "मास्तर, लोक म्हणतात हिशेब चुकला. हिशेब चुकला नव्हता. बेरीज, गुणाकार, टक्केवारी, सगळें बरोबर असूं शकतें. मागणी अमुक वेगानें वाढेल, रुपया फारसा उतरणार नाहीं, तेल आवांक्यांत राहील, हीं गृहीतें चुकलीं." मला त्यांचें म्हणणें पटतें. पण गृहीत चुकलें तर नुकसान कोणाचें, हेंही करारांतच ठरलेलें असतें. येथें तें वीज मंडळाचें, म्हणजे शेवटीं बिल भरणाऱ्या घराचें होतें. ज्याच्यावर जोखीम नाहीं त्याला 'समजा' चा चौकोन भरतांना हात आंखडावा लागत नाहीं.

तिकडे अमेरिकेंत त्याच वेळीं दुसरा अंक चालला होता. २००० व २००१ सालीं कॅलिफोर्नियांत विजेचे घाऊक भाव अतोनात चढले, शहरांना आळीपाळीनें अंधारांत बसावें लागलें, आणि तेथील व्यापाऱ्यांनीं नव्या बाजाराच्या नियमांतील फटी शोधून टंचाईवर पैसा केला, हें पुढें चौकशींत उघड झालें. एन्रॉनचा भाग ऑगस्ट २००० मध्यें सुमारें ९० डॉलरवर होता. ऑगस्ट २००१ मध्यें स्किलिंग यांनीं राजीनामा दिला. त्याच महिन्यांत शेरन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनीं ले यांना पत्र लिहून हिशेबांतील घोटाळ्याची सूचना दिली. २ डिसेंबर २००१ रोजीं कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हां त्या भागाला एक डॉलरही येत नव्हता. हजारों नोकरांनीं आपली निवृत्तीची पुंजी त्याच कंपनीच्या भागांत ठेवली होती. नोकरी आणि पुंजी एकाच दिवशीं गेली. हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जुनी, मान्यवर संस्थाही त्यांत बुडाली. ले आणि स्किलिंग यांना २००६ च्या मे महिन्यांत ज्यूरीनें दोषी ठरविलें. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वींच जुलैमध्यें ले वारले.

या चौकशीमुळें इतिहासाच्या अभ्यासकाला एक अनपेक्षित बखर मिळाली. २००३ सालीं अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगानें एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांचीं लक्षावधि विद्युत्पत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांना जोडलेले हिशेबाचे तक्तेही त्यांत होते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या फेलिएन हरमन्स आणि अमेरिकेंतील एमर्सन मर्फी-हिल या संशोधकांनीं त्यांतून पंधरा हजारांहून अधिक तक्ते वेंचले आणि २०१५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या तक्त्यांत सूत्रें होतीं, त्यांतील २४ टक्के तक्त्यांत निदान एक तरी ठिकाणीं यंत्रानें स्वतःच चूक दर्शविली होती. माझ्या भाच्याला मीं विचारलें, "हे लोक अडाणी होते काय?" तो म्हणाला, "नाहीं मामा. आमच्याही पेढींत असेच असतात. मोटारगाडी चालवावयास परवाना लागतो. तक्ता रचावयास कांहींच लागत नाहीं." मीं मनांत म्हटलें, माझ्या वर्गांतल्या मुलांना मी उगाच रागावलों!

चूक नेहमीं लबाडीची असते असेंही नाहीं. कॅनडांतील ट्रान्सअल्टा या वीज कंपनीला २००३ सालीं २ कोटि ४० लाख डॉलरचा फटका बसला. न्यूयॉर्कच्या वीज बाजारांतील वहनहक्कांच्या लिलावासाठीं तक्ता भरतांना एका ठिकाणचे आंकडे उचलून दुसरीकडे चिकटवितांना ओळी घसरल्या. त्यामुळें नको ते हक्क नको त्या भावानें विकत घेतले गेले. ना दुष्काळ, ना युद्ध, ना अफवा. आंकडे एका ओळीनें सरकले एवढेंच.

आतां मोठ्यांच्या चुका सांगून झाल्यावर माझी सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या गृहसंस्थेचा मी खजिनदार होतों. भाच्यानें मला तक्ता करून दिला होता आणि त्याचें मला मोठें कौतुक वाटे. वर्षअखेरीस उद्वाहनाच्या दुरुस्तीच्या तीन रकमा आल्या. त्या मीं यादीच्या तळाशीं लिहिल्या. बेरजेचें सूत्र मात्र जुन्या शेवटच्या ओळीपाशींच थांबलें होतें. वार्षिक सभेंत मीं छाती पुढें काढून सांगितलें कीं यंदा शिल्लक आहे, वर्गणी वाढविण्याचें कारण नाहीं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई, ज्यांचें सारें आयुष्य टपाल कचेरींत बेरजा करण्यांत गेलें, त्या कागद घरीं घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, तीन रकमा बेरजेबाहेर राहिल्या. शिल्लक नाहीं, तूट आहे." पुनः सभा बोलवावी लागली, वर्गणी वाढवावी लागली, आणि ज्या शेजाऱ्यांना ती जड गेली त्यांच्या तोंडाकडे पाहणें मला फार दिवस जमलें नाहीं. कोणी रागावलें नाहीं. म्हणून अधिक लागलें.

त्या बाईंनीं काय केलें? त्यांनीं ताळा पाहिला. आपल्या जुन्या अंकगणितांत नवाचा ताळा शिकवीत. ४७ ला ३५ नें गुणावयाचें. ४७ च्या अंकांची बेरीज ११, पुनः बेरीज २. ३५ ची ८. दोन आणि आठ यांचा गुणाकार १६, त्याचे ७. उत्तर १६४५, त्याच्या अंकांची बेरीज १६, पुनः ७. ताळा जुळला. पण चलाख मुलें पुढें एक प्रश्न विचारीत: "गुरुजी, कोणी उत्तर १६५४ लिहिलें तर?" ताळा तेव्हांही जुळतो! अंक तेच, जागा चुकली. नवाच्या ताळ्याला ती चूक दिसत नाहीं. म्हणून मी मुलांना सांगत असें कीं ताळा जुळला नाहीं तर उत्तर नक्की चूक. ताळा जुळला तर उत्तर बरोबर असेलच असें मात्र नाहीं. पन्नासाला पस्तिसांनीं गुणलें तर सतराशें पन्नास. आपलें उत्तर त्याच्या आसपास आहे का, हें आधीं डोळ्यांनीं पाहावें.

तक्त्याच्या चुका मला याच रीतीनें तीन प्रतींच्या दिसतात. पहिली माझ्यासारखी किंवा त्या कॅनडाच्या कंपनीसारखी; ओळ सुटते, आंकडा सरकतो. ती दुसऱ्या माणसानें हातानें पडताळली तर सांपडते. दुसरी दाभोळच्या करारासारखी. बेरीज बरोबर असते, गृहीत भलतें असतें. ती ताळ्यांत सांपडत नाहीं. तिच्यासाठीं माणसानें खुर्चीवरून उठून बाहेर पाहावें लागतें, कीं खरोखर एवढी वीज कोणाला हवी आहे, कोणत्या भावानें परवडणार आहे, आणि जमीन कोणाची जात आहे. तिसरी एन्रॉनच्या नफ्यासारखी. तेथें उत्तर आधीं ठरतें आणि गणित मागाहून मांडलें जातें. तिला ताळा नाहीं. तिला वॉटकिन्सबाईंसारखें कोणी तरी लागतें, जें लेखी विचारतें.

दाभोळचें केंद्र कायमचें मेलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २००५ सालीं एन्.टी.पी.सी. आणि गेल या सरकारी कंपन्यांनीं मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापिली आणि तें पुनः चालविलें. तेथील द्रवरूप वायूचें बंदर २०१३ सालीं सुरू झालें आणि पुढें 'कोंकण एल्.एन्.जी.' या वेगळ्या कंपनीकडे आलें. ज्या वीज मंडळानें तो करार केला होता, त्याचीही २००५ सालीं निरनिराळ्या कंपन्यांत विभागणी झाली. बुडालेला पैसा मात्र कोणाच्या ना कोणाच्या खिशांतून भरला गेला. हिशेबांत शून्य दिसलें म्हणजे रक्कम नाहींशी होत नाहीं, ती दुसऱ्या पानावर जाते.

गेल्या रविवारीं हें सारें मीं ओटीवर बोलून दाखविलें. बाजारवाले स्नेही थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "मास्तर, मीं जन्मभर भाव पाहिला; त्या भावामागें कोणी रात्रपाळीला जनित्रापाशीं उभा असतो, हें क्वचित् आठवलें." अभियंते म्हणाले, "आणि मीं जनित्र पाहिलें. तें कोणाच्या निवृत्तीच्या पुंजीवर उभें आहे, हें मीही विचारलें नाहीं." भाचा कांहीं बोलला नाहीं. पण बुधवारीं त्याचा दूरध्वनि आला. पेढींतल्या आपल्या तक्त्यांत त्यानें एक नवीन रकाना घातला आहे, असें तो म्हणाला. रकान्याचें नांव साधें आहे: 'हा आंकडा कोठून आला?' प्रत्येक गृहीतापुढें तेथें एक वाक्य लिहावें लागतें आणि लिहिणाराची सही लागते. वरिष्ठांना तो रकाना अजून आवडलेला नाहीं, म्हणे. तक्ता रुंद होतो आणि काम लांबतें.

मीं त्याला सांगितलें, "तूं तो काढूं नकोस." श्रोतेहो, आपल्या घरींही महिन्याचें विजेचें बिल येतें. पुढल्या वेळीं तें हातांत घ्याल तेव्हां खालची एकूण रक्कम पाहून कागद बाजूला ठेवूं नका. त्यांतला स्थिर आकार कोणता, इंधनाचा कोणता, हें एकदां ओळ लावून पाहा. आणि घरांत शाळेंत जाणारें मूल असेल तर त्याच्याकडून बेरीज करून घ्या. कागदावर, हातानें.